डाव्या हाताला सांगायचं राहिलं

प्रिय मोसुके,

आधी चार शिव्या घालून घे, कारण बातमी फार उशिरा सांगतोय. दीड महिन्यापूर्वी तोक्योहून सरकारी फोन आला. मला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा किताब देतायत. मला! ज्याला तू जन्मभर ‘लाकूडतोंड्या’ म्हणालास! स्वीकाराल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या गृहस्थांनी बजावलं, जाहीर होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. आपण गुरुजींच्या धाकात वाढलेली माणसं. बोलू नका म्हटलं की ओठ शिवलेच. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पण फोन ठेवला तेव्हा पहिला तूच आठवलास. आपल्या बाहुलीनाट्यात बाहुलीचं डोकं नि उजवा हात मी हलवायचो, डावा तू, पाय एखादा शिकाऊ पोरगा. माझा चेहरा उघडा, तुझ्या तोंडावर काळा बुरखा. बाहुली रडली की लोक माझ्याकडे बघायचे, आणि तिच्या डोळ्यांशी बाही नेणारा हात तुझा असायचा. तोंडाने एक शब्द नाही. माझा खांदा जरासा हलला की तुला पुढचं सगळं कळायचं.

तिथेच फजिती झाली. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसलो होतो, तर तू म्हणतोस, “सेइकिची, लेका, काहीतरी लपवतोयस. खांदा बोलतोय तुझा.” मी म्हटलं, पाठ धरलीय. “म्हातारा झालास! जा, मला गरम शेवयांचं उदोन आण, आपोआप सुटेल पाठ.” हिसाएवहिनींची नजर चुकवून आणलं. दोन घास खाल्लेस आणि वाटी बाजूला सारलीस. तेव्हा कानात सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मला हौस! जाहीर होऊ दे, पेपर घेऊन येईन, तुझ्या पांघरुणावर आपटीन आणि तुझं तोंड बघत बसेन. त्या हौसेपायी गप्प बसलो रे.

काल सकाळी जाहीर झालं. घरात फुलं ठेवायला जागा नाही, फोन थांबत नाही. आणि तू परवाच गेलास.

आज दुपारी तुला नेतील. शवपेटीत ज्याला जे ठेवायचं ते ठेवा, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी तुझं सिगारेटचं पाकीट ठेवलंय. मी हे पत्र तुझ्या हाताखाली सरकवतोय. सरकारी कागदावर नाव माझं एकट्याचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मोसुके, आपल्याला किताब मिळाला रे.

तुझाच,
सेइकिची