दोन पेढ्यांच्या वजनाचा माउस

भांडुप, रविवार संध्याकाळ

हातात काही धरलंय असं वाटेचना! गेम खेळणाऱ्यांचा माउस म्हणे. वायर नाही, वजन जेमतेम दोन पेढ्यांचं. माझ्या दुखऱ्या मनगटासाठी मुक्ताने, नातीने, मागवला.

"आजोबा, नुसतं वा वा नको हं. वापर आणि नीट सांग."

पडद्यावरच्या कीबोर्डच्या एकेका अक्षरावर माउसने क्लिक करत शाळेतल्या कविता उतरवतो मी. जुन्या माउसने एका कडव्यातच हात गळायचा. संग्रह अपुराच राहणार, असं मनाशी धरलं होतं. आज? मनगट जरा कललं की बाण तिथे हजर! दोन पेढ्यांएवढी वस्तू, आणि चौथीतली अख्खी कविता उतरली. हे कसं झालं?

"मग, ठेवायचा की परत पाठवू?" मुक्ताने विचारलं.

ऐकू आलं होतं. पण मी पुढची कविता सुरू केली होती.