चवड्यातला खडा

सोमवार, ता. ४

चि. फिरकीस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. चालताना चवड्याखाली खडा रुततो, तिसऱ्या-चौथ्या बोटात आग होते, मग ती बधिर पडतात, आणि तुझा तो डॉक्टर म्हणतो बूट बदला! पन्नास वर्षं मी बूट शिवतोय. तुझ्या पायात परक्या हाताचा जोड कधी गेला नाही. रोग सापडत नाही म्हणून कारागिराच्या माथी मारायचा? त्याच्या स्वतःच्या पायात रबरी सपाता असतील, बघून घे.

शस्त्रक्रियेचं नाव काढलं तर मी स्वतः येऊन भांडेन. पाय अधू झाला तर वर्गात दिवसभर उभी कशी राहशील? मला नको नको ते सुचतं. उलट टपाली लिही.

तुझ्या काळजीने पोखरलेला,
दादा

सोमवार, ता. ११

ती. दादास, धाकटीचा शि. सा. नमस्कार.

डॉक्टर बाई आहेत, आणि त्यांच्या पायात बूटच होते. इतके रुंद आणि बेढब, की तुला बघवले नसते. त्यांनी माझा चवडा दोन्ही बाजूंनी दाबला तेव्हा मी अशी किंचाळले, की बाहेरचे दोघे उठून घरी गेले. बोटांच्या हाडांमध्ये नस चेंगरून तिच्याभोवती जाड गाठ झाली आहे. जिवाला धोका नाही. आधी रुंद बूट आणि चवड्याच्या जरा मागे मऊ गादी, मग लागलंच तर इंजेक्शन. कापाकापी अगदी शेवटी.

आता रागावू नकोस. बारा वर्षं मी तुझे बूट वर्गात टेबलाखाली काढून ठेवते. ज्यावर तू माझे बूट बेततोस, तो लाकडी साचा माझ्या अठराव्या वर्षीच्या पायाचा. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, पाय पसरला. पण दर जोडासोबत तू लिहितोस, तुझा पाय मला पाठ आहे. त्यावर काय बोलणार?

तुझा राग सोसायला तयार असलेली,
फिरकी

मंगळवार, ता. १९

चि. फिरकीस, आशीर्वाद, पण रागाने.

बारा वर्षं! लहानपणी वेणीला हिसका बसला तर सगळी गल्ली गोळा करायचीस, आणि आता मुकाट्याने नस चेंगरून घेतलीस? माझं मन राखायला? मी काय काचेचा आहे?

गिऱ्हाइकाचा पाय दर खेपेला नव्याने आखायचा, हे मी हाताखालच्यांना ओरडून शिकवतो. तुझाच तेवढा आखला नाही. डॉक्टरीणबाईंबद्दल मी काय काय म्हणालो, ते त्यांना सांगितलं नाहीस ना?

जुन्या साच्याला चामडं चिकटवून तो रुंद करता आला असता. नाही करणार. नवा कोरतो. जुना फळीवर राहू दे, त्या अठरा वर्षांच्या मुलीचा आहे तो.

पत्राची मागची बाजू कोरी सोडली आहे, दुसऱ्या पायासाठी कागद सोबत आहे. त्यांवर उभी राहा. बसून आखू नकोस, बसलेला पाय खोटं बोलतो. पेन्सिल उभी धर, दुखतं तिथे फुली मार. आणि माझ्यासाठी बोटं आवळू नकोस. मावला नाही पाय, तर कागद जोड.

लोभ असू दे, पण नवा बूट चावला तर पहिल्याच दिवशी ओरड.

दादा