मनगटाचं माप

कुंकवाच्या धन्यास, हौसाचा नमस्कार.

काश्मीरच्या लढाईवरनं दिवाळीपासनं तुमचं पत्र न्हाय. माझ्या संधिवाताचं मीबी तुम्हाला कळवलं न्हवतं. सकाळी मूठ मिटत न्हाय, बोटांची पेरं सुजल्यात. काल आत्याबाईंनी मला कागलास्नं कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं.

मनगट कुठवर वाकतंय ते डॉक्टर शाळेतल्या कोनमापकासारख्या पट्टीनं मोजणार हुते. त्यासाठी बांगड्या काढायच्या. साबण लावला, तेल लावलं, पण सुजलेल्या हातावरनं एकबी निघंना.

"मग फोडा की," डॉक्टर म्हणाले. नर्सबाईनं पक्कड उचलली.

आत्याबाई वरडल्या, "माझा ल्योक लढाईवर हाय!" मी पदरात हात गुंडाळून भाईर पळाले.

मोजल्याबिगर औषध ठरत न्हाय म्हणं. हात असाच आखडला तर भाकरीबी थापता यायची न्हाय. तरी तुमची खुशाली कळंस्तवर ह्या चुड्याला कुणी हात लावायचा न्हाय. आता भांड्यावर बांगडी वाजली तरी आम्ही दोघी दचकतोय.

हे पत्र मी पेटीत टाकत न्हाय. टाकलं, आणि उत्तर आलंच न्हाय, तर मी काय समजू?

तुमच्या नावाचा चुडा संभाळणारी,
हौसा