येतो हं आम्ही

४ डिसेंबर
शाळा सुटली की कुंदाच्या अंधेरीच्या चाळीसमोर आम्ही दोरीवरच्या उड्या खेळायचो. काथ्याची जाड दोरी. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि मध्ये गल्लीतली कुणीतरी. एका संध्याकाळी मी टोक टाकलं आणि म्हणाले, ‘मी जाते.’ दिवसभर कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांसमोर इंग्रजी बोलायचं, त्यामुळे मराठीही तशीच यायची. कुंदाची आई पायरीवर तांदूळ निवडत होती. तिने मला मागे बोलावलं, हातावर साखर ठेवली आणि सांगितलं, जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. मी म्हणाले. तेव्हापासून आजवर कुणाच्याही दारातून मी ‘जाते’ म्हणून निघालेले नाही.

हे आज आठवलं, कारण आज मी कुंदाकडे राहायला आले. आमची मुलुंडची बिल्डिंग पाडायला गेली. हे जाऊन चार वर्षं झाली, कुंदाचे मिस्टरही नाहीत, तिचा अनिरुद्ध पुण्याला. ती फोनवर म्हणाली, दोन म्हाताऱ्या दोन स्वयंपाकघरं कशाला चालवतायत? बोरिवलीचं हे घर लख्ख आहे. खिडकीतून खारफुटी दिसते, संध्याकाळी वाऱ्याला खाडीचा वास येतो. माझ्यासाठी तिने पूर्वेची खोली रिकामी करून ठेवली होती. उशीच्या अभ्र्यावर फुलं भरलेली. या वयात कुणी आपली इतकी वाट पाहत असावं, याचं सुख वाटलं.

११ डिसेंबर
आज सहल. कुंदाने कुणाच्या तरी मोबाइलवर दोरपुलाचे फोटो पाहिले होते आणि टॅक्सीला साफ नकार दिला होता. सरकारी बस असताना टॅक्सी म्हणजे आजारी माणसांचे चोचले. स्टेशनवरून बसने जेट्टी, मग लाँच. लाँचमध्ये दोन मोटारसायकली, मासळीच्या रिकाम्या पाट्या आणि आम्ही. पलीकडे मिथुन नावाच्या मुलाची रिक्षा मिळाली. गोराई गाव, क्रूस, ताडाची झाडं मागे टाकत त्याने किनाऱ्याच्या अगदी टोकाला नेलं.

पूल सुंदर आहे. किनाऱ्यापासून समोरच्या काळ्या खडकापर्यंत काथ्याचे दोर, मध्ये फळ्या, खाली हिरवं पाणी. कालवं काढायला जाणाऱ्या कोळणींसाठी कधीतरी बांधला म्हणे. मिथुनने उतरवताना हसत सांगितलं, “मावशी, परत निघताना पुलाला येते म्हणू नका हं. तो खरं धरून बसतो.” कुंदाने त्याला विचारलं, तुला बायकोनं कधी खरं धरलं का रे? तो लाजला.

आम्ही खडकावर बसून थालीपीठ खाल्लं. परतताना मधोमध पूल हलला आणि मी दोर घट्ट धरला. कुंदा पुढून चिडवत होती. किनाऱ्यावर पाय टेकल्यावर तिने वळून पुलाला ऐटीत सांगितलं, जाते बाई, जाते. आणि मी, इतकं सुंदर बघितलं म्हणून असेल, कुणाच्या घरून निघावं तशी हात जोडून म्हणाले, “येतो हं आम्ही.”

कुंदा हसली. “अगं, मी जाते म्हटलं ना? मला कशाला घेतेस त्यात?”

१३ डिसेंबर
सहलीने पाय दुखतात. कुंदा भिंतीला हात लावत चालते. म्हणते, फरशी हलते आहे. मी बीपी मोजलं, ठीक आहे. बाल्कनीतली कपड्यांची दोरी वारा नसताना झुलत होती. भरतीची वेळ होती, एवढंच.

१५ डिसेंबर
कुंदाच्या तळहातांवर वळ उठले आहेत. दोर ओढल्यासारखे. पूल ओलांडताना तिने दोराला हातही लावला नव्हता. मीच लटकले होते. माझे हात स्वच्छ. ती नखांखालून तपकिरी धागे काढत बसली होती. काथ्या. मी बेसिनमध्ये तिचे हात धुतले. पाणी खारट लागलं. मी चाखून पाहिलं, का ते माहीत नाही.

१६ डिसेंबर
बाजारातून आले तर कुंदा घरात नव्हती. रिक्षा केली, जेट्टीवर गेले. ती लाँचच्या रांगेत उभी होती, चपला न घालता. मी दंड धरला तशी म्हणाली, यायचं सांगितलंय ना आपण, बरं दिसत नाही.

तिने नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं.

अनिरुद्धचा फोन आला. मी म्हणाले, आईला जरा थकवा आहे.

१७ डिसेंबर
मिथुनला फोन केला. नंबर परतीच्या रिक्षासाठी घेतला होता. आधी हसला, मग रिक्षाचं इंजिन बंद केलं. म्हणाला, त्याची आजी सांगायची, ज्याने शब्द दिला त्यानेच मोडायचा. पुलाच्या मधोमध उभं राहून ‘जाते’ म्हणायचं. आपल्यापुरतं, आणि ज्याला त्यात घेतलं त्याच्यापुरतं. खरं-खोटं मला ठाऊक नाही मावशी, पण या, मी नेतो.

उद्या जाईन.

१८ डिसेंबर
तोंड धुताना आरशासमोर म्हणून पाहिलं. जाते. जीभ वळत नाही. साखरेची चव येते.

आणि पुलाचा तो मधोमधचा झोका. कुंदा आज बरी वाटते. भात खाल्ला. उद्या नक्की.

१९ डिसेंबर
गेले नाही. शेजारची श्वेता भाजी द्यायला आली, विचारलं, मावशी, तुमचा पॅसेज ओला कसा? मी म्हणाले, लादी पुसली.

२१ डिसेंबर
लिहायलाच हवं.

दुपारी मी पडले होते. कुंदा माझ्या दारात आली. म्हणाली, “अनू, चल ना. दोघींना बोलावलंय.” मी डोळे मिटून राहिले. ती थांबली. बराच वेळ. मग कडीचा आवाज. मग जिना.

मी जागी होते. उठून चार पावलं टाकली असती तर — नाही टाकली. वाटलं, एकीवर भागेल. हे असंच वाटलं होतं, याच शब्दांत. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

२२ डिसेंबर
लाँचवाल्याने तिला नेलं. परत आणलं नाही. पोलीस किनारा बघून आले. पुलाच्या तोंडाशी तिचा चष्मा, घडी घालून ठेवलेला.

अनिरुद्ध आला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, मावशी, तू होतीस म्हणून मला धीर होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. ह्याच हाताने —

२३ डिसेंबर
अनिरुद्ध पोलिसांबरोबर गोराईला आहे. मी एकटी.

पॅसेजमध्ये आवाज. सट. थांबून, सट. दोरी फरशीवर आपटते तसा. एकीने फिरवली तर असाच येतो, लंगडा. दुसरं टोक कुणी धरलेलं नसलं की —

२४ डिसेंबर
दार उघडून पाहिलं. ओली दोरी. एक टोक माझ्या उंबऱ्यात. दुसरं जिन्यावरून खाली, वळणापलीकडे. कोण आहे दिसत नाही. ओढ लागते, हलकी. लाड करून बोलावावं तशी.

भागलं नाही एकीवर. आम्ही म्हणाले होते मी. आम्ही.

२५ डिसेंबर
सट — सट —

तिचा आवाज. नऊ वर्षांची. टोक टाकून गेलीस ना —

सकाळ. पहिली लाँच. मिथुन पलीकडे उभा राहणार आहे.

कुंदाचा चष्मा आणि तिच्या आईचा तांदळाचा डबा अनिरुद्धला. त्याला सांगा, थकवा नव्हता. त्याला सांगा, मी जागी होते. हे वाचून मग त्याने मला मावशी म्हणायचं की नाही ते ठरवावं.

मोत्याच्या कुड्या श्वेताच्या मुलीला. किल्ली श्वेताकडे. पॅसेज पुसू नको म्हणावं, आत पाऊलही टाकू नको.

शाळेचा फोटो कुणालाही द्या, पण आम्हा दोघींना कापून वेगळं करू नका.

मधोमध जाऊन म्हणेन. तिच्यापुरतं आधी, मग माझ्यापुरतं. आत्ता दारातून निघतानाही तेच म्हणणार आहे, सवय व्हावी म्हणून. श्वेताने ऐकलं तर मागे बोलावू नये, हातावर साखर ठेवू नये.

दोरीचं हे टोक कुणाच्याही हाती देऊ नका. ते मी धरलंय, ओढ ला—