सहा चित्रं उभी करताना

३ मार्च, सोमवार. सकाळ.
अकरा महिने भटकून घरी आलो. आता इथेच राहणार. (हे याआधीही चारदा ठरलं होतं, पण तेव्हा वही नव्हती.)
आई पंच नीडल ह्या दांड्याच्या पोकळ सुईने जाड कापडावर लोकरीची चित्रं टोचते. म्हणजे टोचायची. मनगट मोडलं ते वाकडंच बसलं. डॉक्टर म्हणाले, सुई विसरा. शेवटची सहा चित्रं उरलीत: कोंबडा, हंस, बोका, गेंडा, माकड, अस्वल. हस्तकलेच्या शोरूमवाल्या बाई म्हणाल्या, सपाट चित्रं ढिगाने येतात. हीच कापूस भरून, पायांवर उभी करून पंधरा तारखेला आणा. आवडली तर आईला शिकवायला ठेवतील. नाहीतर आई दिवसभर खिडकीत बसणार, आत्ता बसलीय तशी.
मी म्हटलं, उभी करतो. आईने माझ्याकडे बघितलं. अभिमानाने असावं.
खाली भाऊजींचं सोफे शिवायचं दुकान. त्यांनी ऐकवलं, मेव्हणेबुवा, कापताना कडेने बोटभर कापड सोडा, मागून डिंक लावा, बुडाशी वजन आणि कडक पुठ्ठा घाला. सोफेवाला माणूस. ह्यांना कलेतलं काय कळणार.

४ मार्च, मंगळवार.
कोंबडा लोकरीला अगदी घासून कापला. सफाईदार काम. एक धागा लोंबत होता, तो ओढला. (ह्या टाक्यांना गाठच नसते.) तुरा गेला. मान गेली. दहा मिनिटांत कोंबडा सोलून झाला. हातात नुसतं भोकाभोकांचं कापड.
सुईवर बसलो. रक्त आलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. ताई धावत वर आली, कोण किंचाळलं म्हणून. शेजारी, म्हटलं.

६ मार्च, गुरुवार.
हंस. बोटभर कापड सोडलं (माझीच कल्पना). पाठीची बाजू दोन दिवस खपून स्वतः टोचली, पुढच्यासारखी हुबेहूब. भाऊजींचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला की सुई भराभर चालते. पाठीला पाठ लावून बघतो तर एकीकडची चोच दुसरीकडच्या शेपटीवर. मागची बाजू आरशातल्यासारखी उलटी काढायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. जोर लावून जुळवायला गेलो. मान मुळापासून फाटली.
चार उरली. तशी चार म्हणजे खूप.

८ मार्च, शनिवार.
बोक्यासाठी कापूस हवा. खाली गिऱ्हाइकाचा तयार सोफा होता. मूठभर काढला तर कुणाला कळणार, म्हणून हळूच ब्लेड मारलं. ब्लेड घसरलं. सोफ्याची आतडी बाहेर.
तेवढ्यात भाऊजी आले. बोक्याचं डोकं त्यांच्या हातात, शेपूट माझ्या. दोघांनी ओढलं. बोक्याचे दोन झाले. मग मी भाऊजींच्या जबड्यावर दोन ठोसे ठेवून दिले. माणूस हादरला. माझा डोळा सुजलाय तो दाराची कडी लागून.

९ मार्च, रविवार. दुपार.
गेंडा. डिंक लावला, उलटी बाजू काढली, सगळं केलं. पोट छान फुगलं. उभा केला. चार मोजेपर्यंत टिकला, मग नाकावर. अकरा वेळा नाकावर. शेवटी पायांतून खिळे मारून स्टुलावर ठोकायला घेतला. तिसऱ्या घावाला शिवण फुटली, चौथा माझ्या अंगठ्यावर. माकड जवळच पडलं होतं. त्याने काही केलं नव्हतं. ते भिरकावलं. पंख्यात गेलं.
आई आली. डाव्या हाताने केरसुणी धरून कापूस आणि लोकर गोळा करत बसली. माकडाची शेपटी अख्खी सापडली, ती तिने मुठीत धरली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार. पहाट.
निघायचं ठरवलं. पिशवी भरली. दारात आई उभी, काखेत अस्वल. म्हणाली, "पळायचंय तर पळ. पण आधी हे कर. तोंड माझं, हात तुझे."
थांबलो. तिचं माझ्यावाचून अडतं.

१३ मार्च, गुरुवार.
अस्वलाची पाठ टोचतोय. सुई कापडात दांड्यापर्यंत खुपसायची आणि बाहेर आली की वर न उचलता कापडावरून घासत पुढे न्यायची. उचलली की आई डाव्या हातातली लाकडी पट्टी बोटांवर हाणते. काल चाळीस बसल्या, आज सतरा. प्रगती आहे.
बुडाशी वाळूची पुरचुंडी आणि पुठ्ठा घालायचा, असं आता आईही म्हणते. भाऊजींनी हिला फितवलंय.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
काल दिवसभर वही सापडत नव्हती, म्हणून नोंद नाही.
अस्वल शोरूमच्या काउंटरवर उभं राहिलं. बाईंनी बोटाने ढकललं. डोललं आणि पुन्हा उभं. बाकीची पाच कुठे, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, वारली. मग बाई जरा अडखळत म्हणाल्या, मनगट हे असं, तुम्ही शिकवणार कशा?
आईने माझा हात ओढून काउंटरवर ठेवला. वळांसकट.
"ह्याला शिकवलंय," ती म्हणाली.
बाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि आईला सोमवारपासून यायला सांगितलं.
परतलो तर वही उशीखाली. पुढचा-मागचा पुठ्ठा गायब. ताईला विचारलं. अस्वलाच्या तळाला गेले म्हणे, कडक पुठ्ठा घरात तेवढाच होता. भाऊजींनी कापून दिले. म्हणजे वही काल भाऊजींकडे होती.
आठ तारखेच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने, सोफ्याचं माप लिहितात त्या अक्षरात लिहिलंय: "ठोसा एकच. आणि तो माझा."
मघापासून खोडरबर शोधतोय.