कोणामुळे?

सोमवार, ३ जून

लागली बाई नोकरी! शर्टांच्या कारखान्यात, कॉलरच्या लाइनवर. मशीन खिडकीजवळ मिळालं, पेडल हलकं आहे, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. ठकीला सोडताना मीच रडले. ती दोन वर्षांची भवानी मागे वळूनसुद्धा न बघता खेळण्यांत जाऊन बसली. नवऱ्याने सकाळी एवढंच विचारलं, की आता डबा कोण भरणार. ज्याला भूक लागते तो, असं म्हटलं. मनात. तोंडाने म्हणाले, मीच.

सुपरवायझरला सगळ्या शिट्टी म्हणतात, कारण तो बोलत नाही, नुसती शिट्टी फुंकतो. लघवीला जायचं तरी त्याच्यापुढे हात वर करायचा. माझ्या आधी या मशीनवर जी होती, तिला तापाने फणफणत असताना त्याने सुट्टी दिली नाही म्हणे. इथेच कोसळली, परत उठलीच नाही बिचारी. हे मला थोरलीने सांगितलं. थोरली म्हणजे लाइनीतली सगळ्यांत जुनी बाई. जगाची सासू आहे, पण पोटात माया आहे.

गुरुवार, ६ जून

मान अशी आखडली की ठकीला उचलवेना. चहाच्या सुट्टीत बायका कापडाच्या गठ्ठ्यांमागे गोल करून बसतात. मला वाटलं, गप्पांचा फड असेल. तर नाही. शेजारणीने दुखऱ्या जागी हात ठेवायचा आणि विचारायचं, कोणामुळे. जिचं दुखतं तिने नाव घ्यायचं. संपलं. थोरलीने माझ्या मानेवर हात ठेवून विचारलं, मी हसतहसत शिट्टीचं नाव घेतलं. म्हटलं, मनातली मळमळ तरी निघेल.

घरी पोचेपर्यंत मान मोकळी! लग्नानंतर पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं, कुठे दुखतंय म्हणून. माणसाला तेवढंही पुरतं.

शनिवार, ८ जून

शिट्टी आज वाकड्या मानेने आला. कान खांद्याला टेकलेला. एकाही बाईने मान वर केली नाही, मशिनी खडखडत राहिल्या. थोरली हळूच म्हणाली, दुखणं जिथून आलं तिथे परत पाठवायचं असतं. फक्त जाताना ते वाढून जातं.

अंगावर काटा आला. पण खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. चांगली खोड मोडली मेल्याची.

मंगळवार, ११ जून

काल कामावरून येऊन बादलीभर कपडे धुतले, फरशी पुसली, कंबरेचा पार काटा ढिला झाला. नवरा सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, की तू दिवसभर बसूनच तर असतेस. अंगाचा तिळपापड झाला माझ्या! आज गोलात त्याचं नाव घेतलं.

संध्याकाळी बघते तर हा पलंगावर आडवा, कण्हतोय. पाणी मागितलं. हाताने घे, म्हटलं. या वेळी तोंडाने.

सोमवार, १७ जून

शिट्टी गेला. खुर्चीत बसल्याबसल्या, शिट्टी तोंडातच. रोज इतक्या जणी त्याचं नाव घेत होतो, किती पेलणार? मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या मशीनवरच्या त्या बाईला सुट्टी दिली असती तर?

गुरुवार, २० जून

काय करून बसले मी.

ठकीला दाढा येतायत, रात्रभर किरकिर. माझं डोकं फुटायला आलेलं. गोलात शेजारणीने कपाळावर हात ठेवला, विचारलं — आणि मी बोलून गेले. कार्टीमुळे, आणखी कोणामुळे, जीव खाल्लाय नुसता. आपण म्हणतोच ना असं? कुठली आई म्हणत नाही? थोरलीने माझं तोंड दाबलं, पण तोवर निघून गेलं होतं. डोकं एकदम हलकं झालं.

आणि खालून, पाळणाघरातून — तिचा आवाज मी हजारात ओळखेन.

शुक्रवार, २१ जून

डॉक्टरांना काही सापडत नाही. म्हणतात, असंच राहिलं तर हाती लागणार नाही. ती डोकं भिंतीवर आपटते. थोरलीचे पाय धरले. म्हणाली, दिलेलं ओढून घेता येत नाही. जिचं दुखतं, तिनेच नाव घ्यायला हवं. आणि पोरीकडून पुढे ज्याच्याकडे जाईल, तो वाचणार नाही.

नवरा घरी पडल्यापडल्या एकच ऐकवतोय. तिच्यासमोर. आईमुळे झालं, आई घरी असती तर — 

ठरलं मग. तोच.

शनिवार, २२ जून

शिकवतेय तिला. अजून हात न ठेवता. कोणामुळे? म्हण, बाबा.

म्हणाली! पुन्हा म्हणाली. शहाणी माझी ती. त्याला वाटतंय, लाडाने हाक मारतेय. हसला. हसून घे.

रविवार, २३ जून

सकाळ. कारखाना बंद. तिच्या कपाळावर हात ठेवला. विचारलं.

त्याच्याकडे बघितलं तिने. मग माझ्याकडे.

आईमुळे, म्हणाली. तोच सूर. त्याचाच.

रडं थांबलं. झोपली लगेच, गाढ. वाचली. वाचली माझी —

अक्षर दिसत नाही नीट. डोक्यात कुणीतरी — 

तुझा राग नाही गं ठकी. तुझ्या कानावर जे घातलं ते — त्याला सोडणार नाही. नाव घेते त्याचं. घेतलं. दहादा घेतलं. जात नाही. स्वतःचं स्वतःला विचारून चालत नाही — कोणीतरी हात ठेवायला हवा, कोणीतरी — थोरली किती लांब — 

तो दारात आलाय. कंबर धरून. सांगितलं त्याला, इथे हात ठेव. एकदाच विचार मला. एकच शब्द — 

म्हणतो, आता हे काय नवीन नाटक. म्हणतो, आधी चहा ठेव — 

हात ठेव रे — विचार ना — एकदा तरी विचा