नावाआधीचा श्वास

गुरुजी,

तक्रार शालींची आहे. आपल्या जिल्ह्यात ज्याचा सत्कार करायचा त्याच्या अंगावर लोकरीची शाल टाकायची, हा नियम कुणी आणि कुठल्या हिवाळ्यात केला, ते एकदा शोधून काढायला हवं. ऐन चैत्रात, तेरच्या शाळेत, तापलेल्या पत्र्याखाली मला शाल पांघरली. वर हातात नारळ दिला, म्हणजे घाम पुसायलाही हात मोकळा राहू नये. घरी शालींचं आता एक स्वतंत्र कपाट आहे. बायको म्हणते, "एवढा धंद्यातला माणूस, दुकान का टाकत नाही?" तुम्ही असतात तर म्हणाला असतात की देणाऱ्याला एवढी शिक्षा हवीच, नाहीतर तो सुधारणार कसा. असो. माझ्या निबंधांवर तुम्ही तांबड्या शाईनं 'प्रस्तावना लांबली' असं लिहायचात, ते आठवलं. मुद्द्यावर येतो.

मी आता दानशूर झालो आहे. शब्द माझा नाही, फलक रंगवणाऱ्यांचा आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत नुकती वृत्तवाहिनी काढली होती. ती चालली, मग मी ती विकली. काहीतरी विकून मोकळा झालेल्या माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटू लागतं, म्हणून मी तरुण मुलांच्या उद्योगांत पैसे घालून त्यांना उपदेश करायला लागलो. याला गुंतवणूकदार म्हणतात. त्याचाही कंटाळा आला की माणूस गावाकडं येऊन शाळा दुरुस्त करतो. वानप्रस्थच म्हणा, फक्त गाडी आणि ड्रायव्हर ठेवून. पण या सगळ्याचं मूळ धाराशिवातल्या सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत आहे, हे माझ्याइतकं तुम्हालाच माहीत.

ती खोली मला अजून दिसते. गच्चीवर डिश, खाली दोन व्हीसीआर, आणि विजेच्या खांबांवरून घरोघरी नेलेली काळी केबल. संध्याकाळी साडेसातला अर्धा तास गावातल्या बातम्या. नळाला पाणी कधी, बाजारात भाव काय, आणि शेवटी निधन वार्ता. बातम्या मीच वाचायचो. एक दिवस तुम्ही जिना चढून आलात, दम घेतलात आणि म्हणालात, "काल तू एका मेलेल्या माणसाचं नाव चुकवलंस. जिवंत असता तर येऊन दुरुस्त केलं असतं त्यानं. आता कोण येणार?"

मी चेष्टेनं म्हटलं, "मग तुम्हीच वाचा, गुरुजी."

"वाचतो. प्यायला पाणी ठेवत जा."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज पाच वाजता येऊ लागलात. संध्याकाळी विजेचा भरवसा नसायचा, म्हणून आधी कॅसेटवर घ्यायचो आणि साडेसातला लावायचो. आम्हाला देवः देवौ देवाः पाठ करायला लावणारा तुमचा तो आवाज घराघरात जाऊ लागला. तुम्ही फुलपात्रातलं पाणी प्यायचात, 'नमस्कार, मी' म्हणून आपलं नाव सांगायचात आणि वाचू लागायचात. गाव, वय, मागं कोण कोण, तेही नुसत्या नात्यांनी. मग मेलेल्याचं नाव घेण्याआधी थांबायचात. एक पूर्ण श्वास. त्या थांबण्यात गावातली बोलणी बंद पडायची, असं लोक सांगत. मी एकदा विचारलं, का थांबता. तुम्ही म्हणालात, "जाणारा एकदा वळून बघतो. तेवढा वेळ त्याला द्यावा." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

तुमची अट एकच होती. दाखवून झालं की त्याच दिवशी कॅसेट पुसायची. "नाव एकदाच घ्यायचं. पुन्हा पुन्हा हाक मारली तर माणूस जाणार कसा?" मी मान डोलवायचो, आणि कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचो. श्रद्धा वगैरे काही नव्हती. एखाद्या दिवशी तुम्ही आला नाहीत तर काय, हा धंद्याचा विचार होता.

तो दिवस आलाच. तुम्हाला ताप होता. मी जुन्या कॅसेटमधला तुमचा नमस्कार घेतला, 'यांचे निधन झाले' एवढं घेतलं आणि मध्ये नावाची पाटी दाखवली. चांगलं जमलं म्हणून स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी तब्येत विचारायला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. काकूंनी मऊ भात वाढला होता. माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "काल मी इथंच जेवत होतो. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी नमस्कार केला. घास हातातच राहिला. क्षणभर वाटलं, तो खरा, आणि इथं बसलाय तो उरलेला."

मी काहीतरी पुटपुटलो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "पुसून टाक," एवढंच म्हणालात.

दोन दिवसांनी जिना चढून आल्यावर विचारलंत, "पुसलंस?" मी म्हटलं, "पुसलं, गुरुजी." तुम्ही विश्वास ठेवलात आणि पाणी मागितलंत. ट्रंक तुमच्या खुर्चीखालीच होती.

आता अलीकडचं सांगतो. शाळांसाठी काढलेल्या आमच्या संस्थेचं काम आपल्या जिल्ह्यातल्या वाशीच्या एक बाई बघतात. हुशार आहेत, आणि मी देणगीदार आहे याचं त्यांना मुळीच दडपण नाही. त्या म्हणाल्या, "सर, पोरांना वाचायला शिकवायचंय ना, मग आवाज आपल्या भागातला पाहिजे. पुण्याचा आवाज ऐकला की आमची पोरं गप बसतात." मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार. मी ट्रंक काढून दिली. त्यांच्या माणसांनी कॅसेटी संगणकातल्या, आवाजाची नक्कल शिकणाऱ्या यंत्राला ऐकवल्या. आता काहीही लिहून दिलं की यंत्र ते तुमच्या आवाजात वाचतं. तुमचा तो ठसठशीत 'ळ'सुद्धा येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून उभा राहिलो, आणि बाई म्हणाल्या, "बसा सर, शाळा सुटली."

पहिला वर्ग तेरच्या शाळेत सुरू केला. समोरच्या भिंतीवर फळा आणि माझ्या नावाचा फलक, म्हणून स्पीकर मागच्या भिंतीवर लावला होता, आणि मला मुलांच्या मागं, फळ्याकडं तोंड करून बसवलं होतं. यंत्रानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. 'इयत्ता दुसरी' म्हणालं, आणि थांबलं. एक पूर्ण श्वास. मग पहिल्या मुलीचं नाव घेतलं. ती मुलगी वळून मागं बघत म्हणाली, "हजर." पुन्हा श्वास, दुसरं नाव, दुसरा मुलगा वळला. असा एकेक करून सगळा वर्ग वळून बघत गेला. आवाज मागून येत होता म्हणून वळत होती, दुसरं काही नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी यंत्र म्हणालं, 'आजचे प्रमुख पाहुणे,' आणि थांबलं. माझं नाव यायच्या आतच मी वळलो होतो. टाळ्या झाल्या. स्वतःची निधन वार्ता शाल पांघरून, हातात नारळ धरून ऐकणारा जिल्ह्यातला पहिला माणूस मीच असेन.

बाहेर पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या आजी उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सायेब, हे गुरुजी न्हाय का, टीव्हीवर मेलेल्या माणसांची नावं घ्यायचे? आमच्या मालकाचं बी घेतलं व्हतं. लई नीट घेतलं. रडता रडता गप झाले व्हते म्या."

मी म्हटलं, "हो आजी, तेच."

"माझी नात हाय दुसरीत. तिचं नाव तेवढं त्यांना घिऊ देऊ नका."

"आजी, ते यंत्र आहे. गुरुजी जाऊन किती वर्षं झाली."

"व्हय की. म्हणून तर म्हणते."

बाईंना मी गाडीत विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. कॅसेटींमध्ये जेवढी नावं होती ती सगळी मेलेल्यांची, आणि प्रत्येकाआधी तुम्ही थांबला होतात. यंत्राला वाटतं, नाव घ्यायची तीच पद्धत. "त्याला जिवंत माणसाचं नाव माहीतच नाही, सर." मग जरा हसून म्हणाल्या, "श्वास काढून टाकता येतो. अर्ध्या तासाचं काम." सोमवारी हा आवाज जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत लावायच्या करारावर माझी सही व्हायची होती.

बाई श्वास काढायच्या आत मी एक गोष्ट केली, ती त्यांना सांगितली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमची वार्ता कुणी वाचली नव्हती. वाचणारेच गेले होते. मी मुंबईत होतो, आणि इथं नुसती काळी पाटी दाखवली गेली. मी ती वार्ता लिहिली. गाव, वय, मागं कोण. तुम्ही लिहायला लावायचात त्या क्रमानं. आणि यंत्राला वाचायला दिली. भर दुपार होती, संस्थेच्या कचेरीत बाहेर माणसांची ये-जा होती. तुमच्या आवाजानं सगळं नीट वाचलं, नावापर्यंत आलं, आणि थांबलं नाही. सरळ नाव घेऊन पुढं गेलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. मुलांच्या नावाआधी थांबतं, माझ्या नावाआधी थांबतं, तुमच्या नावाआधी नाही. नंतर कारण लक्षात आलं. कॅसेटींमध्ये न थांबता घेतलेलं नाव एकच होतं, रोज नमस्कारानंतर सांगितलेलं तुमचं स्वतःचं. कारण समजल्यावर बरं वाटायला हवं होतं.

बाईंनी श्वास काढलेला आवाज ऐकवला. स्वच्छ होता, एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. मी म्हटलं, "छान." घरी आलो, एका दुकानदाराच्या अडगळीतून मिळवलेला व्हीसीआर जोडला आणि ट्रंकेतली एक मूळ कॅसेट लावली, कान धुवून घ्यावेत म्हणून. पडद्यावर तुम्ही होतात, फुलपात्र होतं. तुम्ही बोललात. आवाज जरा पातळ, किंचित नाकातला, आणि नावाआधीचा थांबा फारच तोकडा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा कोण गुरुजींची नक्कल करतोय, आणि तीही बेताचीच.

मी सही केली नाही. बाईंना सांगितलं की आवाज यंत्रातून काढून टाका, वाशीतल्याच एखाद्या चांगल्या शिक्षिकेचा घ्या. त्या म्हणाल्या, "टाकते पुसून. आणि तुमच्याकडच्या कॅसेटींचं काय, सर?" मी म्हटलं, बघतो.

म्हणजे शाळांचं झालं, आजींच्या नातीचंही झालं. त्यांची काळजी नाही. हे पत्र त्याच ट्रंकेत ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याकडं नाही. काळजी वेगळीच आहे, ती सरळ लिहितो. 'पुसून टाक' असं तुम्ही स्वयंपाकघरात म्हणालात, ते मी रोज आठवून बघतो, आणि रोज ते यंत्राच्या आवाजात ऐकू येतं, आधी एक श्वास थांबून. तुमचा खरा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही. तो फक्त कॅसेटींत उरला आहे, आणि लावल्यावर मला तो ओळखू येत नाही. मी त्या अजून पुसलेल्या नाहीत, गुरुजी.